हेमांगीचं विद्यापीठ

गास, १८ जुलै २०२५

ती. मनोरमाआत्यास,
हेमांगीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला आईसमोर बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहितेय.

मला दोन ठिकाणी सिव्हिल इंजिनिअरिंग मिळालंय. एक मुंबईत, घरून जाऊन-येऊन करता येईल असं. दुसरं मध्य प्रदेशात, अनुजदादाचं विद्यापीठ. क्लासचे सर म्हणतात, तिकडची जागा वेडाच सोडेल. ते खोटं नाही. पण आईचं काय करू? दादा मित्रांबरोबर नर्मदेत पोहायला गेला आणि बुडाला, त्याला ऑक्टोबरात दोन वर्षं होतील. तेव्हापासून आई त्या गावाचं नाव घेत नाही. मी तिकडे गेले तर ती खंगून जाईल. तिच्यासाठी मी मुंबई घेणार आहे. ३१ तारखेपर्यंत कळवायचंय. मी बरोबर करतेय एवढं तू लिही.

बाबांच्या मोगऱ्याला यंदा कीड लागली. तुझा गुडघा कसा आहे? मार्केटला चालत जाऊ नकोस. मी इथून ओरडले तरी तुला ऐकू येणार नाही.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
हेमांगी

गास, १९ जुलै २०२५

ती. ताईंस,
यशोदाचा सा. न. वि. वि.

हेमांगीचं पाकीट मीच पोस्टात टाकलं. उघडलं नाही, पण आत काय असेल ते कळतं. आई पाठवणार नाही, असं ती सगळ्यांना सांगत फिरते. ताई, जागा मिळाल्याचं कळलं त्याच दिवशी मी तिला जा म्हटलं. रडले, पण जा म्हटलं. बॅगसुद्धा काढून ठेवली. ती तिने दोनदा माळ्यावर टाकली.

मागच्या रविवारी आम्ही अर्नाळ्याला गेलो होतो. सगळे किनाऱ्यावर उतरले, ही रिक्षातच बसून राहिली. अनुजच्या वेळी ती रडली नाही, आठवतं ना? आल्यागेल्याला चहा देत होती. तिला काही विचारायचं मला धाडस होत नाही. तुमचं ती ऐकते.

आणखी एक, कुणाला बोलले नाही ते. तेव्हा हे एकटेच गेले आणि त्याला घेऊन आले. माझा मुलगा दोन वर्षं कुठे झोपत होता, कुठे जेवत होता, मी पाहिलंच नाही. एकदा पाहावंसं वाटतं.

आम्हाला मनात असू द्या.
आपली,
यशोदा

रत्नागिरी, २३ जुलै २०२५

चि. हेमांगीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून रिक्षा पकडायला धावल्यासारखं पळतं.

पस्तीस वर्षं गणिताचे पेपर तपासले. उत्तराआधी रीत बघायची माझी खोड जात नाही. मुंबई हे उत्तर असेल तर असो, पण तुझी रीत चुकलीय. आई तुला नाही म्हणाली का? कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांत, ते मला लिही. लिहिता आलं नाही, तर तो नकार कोणाचा आहे ते बघ. तुला भीती वाटत असेल तर त्यात लाज कसली? पण ती आईच्या नावावर टाकू नकोस. तिचं तिला पुष्कळ आहे.

मुदतीआधी तिला घेऊन तिकडे जाऊन ये. तिला ते ठिकाण पाहायचंय. मग हवं ते निवड, मी काही सुचवणार नाही.

गुडघा बरा आहे. मार्केटला चालतच जाते.

म्हातारीला वरचेवर लिहीत जा.
तुझी,
आत्या

गास, ३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझा राग आला. आई कधी नाही म्हणाली ते आठवत बसले, आणि आठवेना.

बाबा म्हणाले, त्यांच्याने तिथे पुन्हा उभं राहवणार नाही. म्हणून आम्ही दोघीच गेलो. दादाच्या खोलीत आता दुसरा मुलगा राहतो. आईने त्याला विचारलं, घटकाभर खाटेवर बसू का? तो चटकन उठून उभा राहिला. ती बसली, चादरीवरून हात फिरवत. मग तिने मेस पाहिली, वर्ग पाहिला. मेसमधल्या बाईंनी सांगितलं की अनुज खिचडीच्या दिवशी तोंड वाकडं करायचा. आई हसली, आत्या. मी मात्र त्या खोलीचा उंबरठा ओलांडू शकले नाही. 

बाहेर पायरीवर बसून मी आईला सांगितलं की तुझ्यासाठी म्हणून नाही, भीती मलाच वाटते. आणि मग जे रडू आलं ते आवरेचना. आईने पाठीवर हात ठेवला. म्हणाली, दोन वर्षं मी तुझ्या या रडण्याची वाट बघत होते. पुढे म्हणाली, हवं तर इथे राहा, नको तर घरी चल. मी तुझ्याबरोबर दोन्हीकडे आहे.

मी मुंबई घेतली. तिकडची जागा चांगली होती. ती सोडल्याचं दुःख मला होईल, आजही होतंय.

काल आईबरोबर माणिकपूरला बाजारात गेले, तिथे ओळखीच्या आशालताकाकू भेटल्या. मला म्हणाल्या, आईने अडवलं असेल, साहजिक आहे. आई खाली बघायला लागली. मी काकूंना सांगितलं, आई जा म्हणाली होती, मीच घाबरले.  आईने माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि आम्ही सावकाश घरी आलो.

तुझ्या मनात जागा राहू दे.
तुझी,
हेमांगी