पुढे सरकवलेला कागद

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, पण अजून भानावर आलेलो नाही. आज आमच्या डिझाइनच्या बाईंनी स्टुडिओत आम्हाला गोल बसवलं. प्रत्येकाने घरातली एक अडचण कागदावर लिहायची आणि कागद शेजारी सरकवायचा. शेजाऱ्याने उपाय काढायचा, त्याच्या पुढच्याने त्यात भर घालायची. उपाय कितीही वेडगळ असो, नाही म्हणायचं नाही, खोडायचं नाही.

मी लिहिलं, पाट्या रंगवणाऱ्या माझ्या बाबांचा हात हल्ली थरथरतो. ते लपवतात, म्हणून आम्ही भावंडंही गप्प बसतो. शेजारच्या चष्मेवाल्या मुलाने काय काढावं? खांद्यापासून सुटलेला हात, आणि खाली 'नवा बसवा'. मी कागद हिसकावला, तर बाई म्हणाल्या, सरकवलेला कागद तुझ्या एकट्याचा राहत नाही, दे परत. नववीतून शाळा सोडलेला मी, इथे मला जेमतेम घेतलंय, वाद काय घालणार? दिला. पुढच्या मुलीने तो हात न खोडता दुसऱ्याच कुणाच्या खांद्याला जोडला.

कागद सोबत आहे. एकटीनेच बघ. आपल्याला माहीत आहे हे बाबांना कळलं, तर ते ब्रश कायमचा खाली ठेवतील.

लोभ आहेच, तो माझ्या घाबरटपणासकट असू दे.

तुझा,
मोजपट्टी


११ जुलै

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, तुझा स्वल्पविराम कधी चुकत नाही, आणि 'एकटीनेच बघ' हे सगळ्यात शेवटी? तुझं पत्र आलं की बाबा समोर येऊन बसतात आणि मी मोठ्याने वाचते, हे विसरलास? 'थरथरतो' तोंडातून गेलं आणि मी पत्र मिटू लागले. बाबा म्हणाले, थांबलीस का, वाच. 'नवा बसवा'पर्यंत वाचलं. ते उठून आत गेले.

त्यानंतर घरात कोणी कोणाशी धड बोलेना. ब्रश डब्यात वाळून गेले. मला वाटलं, संपलं सगळं.

काल त्यांनी आपणहून कागद मागितला. विचारलं, आता भर कोणी घालायची? मी म्हटलं, ज्याच्या हातात कागद त्याने. त्यांनी पेन्सिल घेतली. रेघ वेडीवाकडी गेली, पण या वेळी माझ्यापासून लपवली नाही. त्या परक्या खांद्यावर त्यांनी एक वेणी काढली. माझीच. मग म्हणाले, अक्षरं मी आखून सांगेन, रंग तू भर. इतकी वर्षं मला रंगाच्या डब्याला हात लावू दिला नाही त्या माणसाने. मी लगेच डबा उघडला.

आज औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी केली. एक वेलांटी फुगली. बाबांनी तीनदा टोमणा मारला, पण पुसू दिली नाही.

कागद परत पाठवते. त्या चष्मेवाल्याला सांग, नवा हात बसवला.

लोभ तुझ्यावर आहेच, त्यातला थोडा त्यालाही दे.

तुझी,
कोपरापर्यंत हिरवी झालेली ताई