पाच नंबरचे पाय

आई, गेल्या महिन्यात मी नर्स प्रॅक्टिशनर झाले. म्हणजे नर्सच गं, पण पेशंट तपासून काय बिघडतंय ते ओळखायचं, उपचार सुचवायचे, एवढं शिकलेली. एप्रनवर तसा बिल्ला आलाय. तू असतीस तर पदराने पुसून म्हणाली असतीस, "बरो दिसता," आणि पाठोपाठ, "जेवलंस?"

चारकोपच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये आपण दोघी एकाच वॉर्डात होतो. तू जुनी आयाबाई, मी नवी कोरी स्टाफ नर्स. ड्युटीवर तू मला सगळ्यांसमोर "सिस्टर" म्हणायचीस. मला लाज वाटायची, आणि खरं सांगते, बरंही वाटायचं. चादर बदलताना तू प्रत्येक पेशंटच्या पायांना हात लावायचीस. मला वाटायचं, आजारी माणसाच्या पाया पडतेस. काय ते अडाणी वागणं, म्हणून मी तोंड फिरवायचे. त्या दुपारी जेवणाच्या ताटल्या उचलता उचलता तू हळूच म्हणालीस, "सिस्टर, पाच नंबरच्या आजोबांचे पाय थंड लागतत. डॉक्टरांका फोन करा." मी बीपी घेतलं. व्यवस्थित. "बीपी नॉर्मल आहे, तू तुझी लादी पूस ना." तू पुसलीस. अर्ध्या तासाने परत आलीस. "गो, गुडघ्यापर्यंत थंड झाले." या वेळी सिस्टर नाही, नुसतं गो. माझं डोकंच फिरलं. "तू डॉक्टर आहेस का?" अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. चार वाजता बीपी धाडकन पडलं आणि चहाच्या आत आजोबा गेले.

डॉक्टर मॅडम धावत आल्या. "कुणाच्याच लक्षात आलं नाही?" तू दारात फडका पिळत उभी आहेस. मी म्हणते, "नाही मॅडम." तू एकदाच माझ्याकडे बघतेस आणि खाली बसून लादी पुसायला लागतेस. घरी जेवताना बांगड्याचा मधला तुकडा तू माझ्याच ताटात वाढलास. त्यावर एक शब्द नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मग कितीतरी वर्षांनी, या नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सच्या दुसऱ्याच महिन्यात सर शिकवायला लागले, की शरीर आधी हातापायांचं रक्त आवरून घेतं, बीपी सगळ्यात शेवटी पडतं, म्हणून पायांना हात लावून बघा. सगळे भराभरा लिहून घेत होते. माझं पेनच चालेना. तुला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कुणाला फोन करणार होते मी?

आज मरोळच्या हॉस्पिटलमध्ये एक बाई होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या. सकाळी हात लावला तर पाय गार. मी ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला सांगितलं. "बीपी झकास आहे ना सिस्टर? टेन्शन घेऊ नका." बिल्ला त्याने वाचलासुद्धा नाही. मोठे सर्जन सर दुसऱ्या ऑपरेशनला उभे, त्यांचा फोन बाहेर. ऑक्सिजन लावला, पाय उबदार गुंडाळले, पण सलाईन वाढवायलासुद्धा मला डॉक्टरची सही लागते आई, अजूनही. मग आम्ही नर्सेस जे करतो तेच केलं. कागदावर वेळ टाकून लिहिलं, "डॉक्टरांना कळवले." असं चार वेळा. अरे, किती कळवायचं माणसाने! प्रत्येक वेळी हात थोडा वर नेऊन बघत होते, आणि गारठा गुडघ्याच्या वर गेला होता. सर आले तेव्हा बीपी पडलेलं. बाई आता आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. वाचतील की नाही, कुणी सांगू शकत नाही.

हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकणार! कपाटात तुझ्या साड्यांखाली ठेवीन. पण एक राहिलंय. आयसीयूच्या बाहेर त्या बाईंची मुलगी भेटली, मी तेव्हा होते तेवढीच असेल. तो डॉक्टर माझ्या शेजारी मान खाली घालून उभा होता. तिने मलाच विचारलं, "सिस्टर, आधी कुणाला कळलंच नाही का?" आणि आई, मी म्हणाले, "बीपी नॉर्मल होतं."