थंड लागतंय का?

तीर्थरूप बाबांना, लेकीचा इथूनच वाकून नमस्कार.

हर्नियाचं ऑपरेशन ठरल्याचं आईने कळवलं. "पाठीत इंजेक्शन नको, पाय कायमचे जातील" म्हणून तुम्ही हटून बसलात, हेही कळवलं. अहो, भूल देणं हेच माझं काम. रोज तीन-चार जणांना मी तेच इंजेक्शन देते. पाय जड होतात आणि काही तासांत पुन्हा हलायला लागतात.

फक्त दोन गोष्टी ऐका. रक्त पातळ करणारी गोळी घेता, ते डॉक्टरांना आजच सांगा. आणि कापण्याआधी ते पोटाला स्पिरिटचा गार बोळा लावून "थंड लागतंय का?" असं विचारतील. तिथे भिडेखातर "नाही" म्हणू नका. भाजीत मीठ नसलं तरी "छान झालीय" म्हणणारे तुम्ही! थंड लागलं म्हणजे भूल अजून चढलेली नाही, तेव्हा लागलं तर लागलं म्हणा. ते थांबतील.

आईचा गुडघा कसा आहे? जिना चढते का?

माझी काळजी नको, हात अगदी स्थिर आहे. काल मात्र बोळा लावताना मी पेशंटला म्हणाले, "बाबा, थंड लागतंय का? खरं सांगा हं."

तो बावीस वर्षांचा होता.

तुमची,
ठमी