टेकडीवरच्या वाऱ्याची सरासरी

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून टेकडीच्या वाऱ्याचं मॉडेल एकहाती माझ्याकडे. वर्षभराच्या नोंदी आहेत, दर दहा मिनिटांना एक. सरासरी सेकंदाला साडेपाच मीटरच्या वर गेली की पवनचक्क्या उभ्या राहणार. पंधरवड्यात रिपोर्ट. नक्की.

६ नोव्हेंबर
सरासरी ४.३. मॉडेल चोख आहे, वाराच चुकतोय. गेले तीन महिने जवळपास शून्य. मनोऱ्यावरचं वेगमापक अडकलं असणार, दुसरं काय!

७ नोव्हेंबर
मनोऱ्याची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींना वर चढवलं. ऐंशी मीटर. वय अठ्ठावन्न, पण काटक. खाली येऊन म्हणाले, बोट लावलं की वाट्या गरगर फिरतात, वाराच नाही. मिस्त्री माणूस चांगला, पण आकडेवारीतलं काय कळणार!

९ नोव्हेंबर
तीन महिने 'यंत्र नादुरुस्त' म्हणून वगळले. सरासरी ५.६. साहेबांनी पाठ थोपटली. बायको म्हणाली, मिस्त्रींचं ऐकून तरी घे. घरच्यांना सांख्यिकी समजावू नये.

१२ नोव्हेंबर
नवं वेगमापक बसवलं की शंकाच नको. मिस्त्री म्हणाले, गुडघा दुखतोय, दोन दिवस थांबू. रिपोर्ट थांबणार नव्हता. म्हटलं, शेवटचंच.

१२ नोव्हेंबर, दुपार
जुनं वेगमापक अजून काढलंही नव्हतं. चढतानाच, खालच्या टप्प्यात, पट्टा अडकवायच्या आधी मिस्त्रींचा पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं. मी जोर केला नव्हता. आग्रह वेगळा.

१४ नोव्हेंबर
हॉस्पिटलात गेलो. मोसंबी नेली. त्यांच्या बायकोने खुर्ची दिली, मोसंबी न उघडता पलंगाखाली सरकवली. मिस्त्री हळूच म्हणाले, "साहेब, तुमचं काम अडलं असेल ना?"
मी म्हटलं, नाही. लवकर बाहेर पडलो. पार्किंगचा वेळ संपत आला होता.

१७ नोव्हेंबर
सुरक्षा विभागाचा फॉर्म आला. एकच रकाना अवघड: अपघाताच्या वेळी वाऱ्याचा वेग. नियम असा की दहाच्या वर वारा असेल तर माणूस वर पाठवायचा नाही. पाठवला तर जबाबदारी पाठवणाऱ्याची. मोजणारं यंत्र त्या वेळी एकच होतं, आपलं नादुरुस्त.
नोंद पाहिली. ०.३.
लिहिलं: वारा जवळपास नव्हता. खाली विचारलं होतं, यंत्र विश्वसनीय होतं का?
नियम पुन्हा एकदा वाचला. मग लिहिलं, 'होय'. सही केली.
रिपोर्ट उद्या.