आक्का नंबर धरून बसते

माय, आक्का घरी आली आहे. हे तुला सगळ्यात आधी सांगतो. शहरातली ती सरकारी संस्था आता बंद करत आणली आहे. सरकारचं आता असं म्हणणं आहे की ज्यांना घर आहे त्यांनी घरीच राहावं, आणि दिवसा त्यांना सांभाळायला गावातच केंद्र असावं. संस्थेच्या एक मॅडम चौकशीला गावात आल्या, तेव्हा मी सोसायटीच्या डेअरीत दुधाची फॅट तपासत होतो. त्यांनी विचारलं, "तिला घर आहे का?" मी हो म्हणालो. म्हणून झाल्यावर हातातला नमुना सांडला. ठरलं ते असं की उन्हाळाभर तिला इथे ठेवून बघायचं. रमली तर ठीक. नाही रमली तर तिला दूरच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेत पाठवणार. तिथे एकदा गेली की ती आपल्याला परत दिसेल असं मला वाटत नव्हतं.

तू तिला सोडलंस तो दिवस मला आठवतो. मी लहान होतो, पण घागर बघितली होती. तेव्हाही दुष्काळ होता आणि ऊसतोडीला जायचं जवळ आलं होतं. आदल्या सालात आक्का उसाच्या फडात हरवली होती. पाचट पेटवायच्या जरा आधी सापडली. तेव्हापासून तू तिला पाचटाच्या कोपीच्या मेढीला जुन्या लुगड्याच्या पदराने बांधून कामावर जायचीस, आणि रात्री तिच्या पायाला तेल लावायचीस. त्या दिवशी शहरात जाताना तू रिकामी घागर बरोबर घेतलीस. एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशे, शहरात बी टँकर लागतो का काय?" सगळी गाडी हसली. मीही हसलो.

आपल्याकडे टँकरच्या लायनीत घागरीच नंबर धरतात, पण घागरी कोणी पुढं-मागं सारू नयेत म्हणून एका माणसाला तिथे बसावं लागतं. आक्काला धड बोलता येत नव्हतं, आकडे येत नव्हते, पण या कामात तिच्यासारखं गावात कोणी नव्हतं. ती बसली की घागर हलायची नाही. संस्थेच्या व्हरांड्यात तू भिंतीला लागून घागर ठेवलीस आणि म्हणालीस, "आक्का, नंबर धर. टँकर आला की येते." ती लगेच बसली. घागरीच्या काठावर हात ठेवला आणि समोर बघत राहिली. आपण फाटकाबाहेर पडेपर्यंत मी तिच्याकडे बघत होतो. तिने आपल्याकडे बघितलं नाही, कारण ती कामावर होती. परतताना तू मला मांडीवर घेतलंस. मांडीवर बसण्याएवढा लहान मी तेव्हा राहिलो नव्हतो.

त्याच सालात तू तिकडे कारखान्यावर तापाने गेलीस. अण्णांनी नंतर बरीच वर्षं मला एकट्याने वाढवलं, पण आक्काचं नाव काढलं की "ती तिथं सुखी हाय" एवढं म्हणून उठून जायचे. मग तेही गेले.

आता ती घरात आहे आणि मला घरात गर्दी झाल्यासारखं वाटतं. ती उंबऱ्याशी थांबते. कोणी "ये" म्हटल्याशिवाय आत येत नाही. ताटाभोवती हाताचं कुंपण करून जेवते. शाळेची घंटा वाजली की उठून उभी राहते. झोपताना अंग चोरून पडते आणि दोन्ही बाजूंना जागा सोडते. ती जागा कोणासाठी आहे हे मला माहीत नाही. मी त्या जागेवर पाय देत नाही. वळसा घालून जातो.

केंद्रासाठी डेअरीच्या आवारातली रिकामी खोली मागितली, तेव्हा सोसायटीची बैठक झाली. काका संचालक आहेत. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "सरकारनं इतकी वर्षं पोसली अन् आता तुह्या गळ्यात टाकली. तुला कळना का बे? उद्या लगीन कराचंय का न्हाई? पोरीच्या बापाला काय सांगू, घरात सासू न्हाई पण नणंद हाय, अन् ती बी अशी?"

मागून एक म्हातारे सभासद बोलले, "संचालक, खोली रिकामीच हाय की. म्हशी गेल्या छावणीला, दूध येतंय कुठं? उंदरं सांभाळण्यापरीस माणसं सांभाळा."

"अन् काही झालं म्हंजी?"

"उंदरांनी काय केलं ते तर सांगा आधी."

लोक हसले आणि खोली मिळाली. गावातल्याच एक बाई शिकून येऊन केंद्र चालवायला लागल्या. आजूबाजूच्या वस्त्यांवरची चार-पाच लेकरं यायला लागली. काही आजवर गोठ्यात बसून असायची, काही घरात कडी लावून. आक्का त्यांच्यात सगळ्यात मोठी.

पहिल्या दिवशी मी तिला तिथे नेलं, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मी इतका जपून वागणारा माणूस. कुलूप लावलं तरी परत ओढून बघतो. पण टँकर डेअरीच्याच आवारात उभा राहतो, हे मला सुचलं नाही. खोलीच्या दारापासून फाटकापर्यंत घागरी आणि कॅन लायनीने मांडलेले होते. आक्काने ते बघितलं आणि माझा हात सोडला. लायनीच्या शेवटी गेली, कोणाच्या तरी कॅनवर हात ठेवला आणि मातीत बसली. बाईंनी हाक मारली, भाकरी दाखवली. तिने मान वळवली नाही. ऊन चढलं तरी उठली नाही.

मग टँकर आला. बाया धावल्या, पाणी भरलं, आपापल्या घागरी उचलून गेल्या. लायन संपली. मोकळ्या आवारात आक्का एकटी बसून राहिली, कॅन जिथे होता तिथे हात तसाच. मी डेअरीतून बघत होतो. माय, तिला अजून कोणी घ्यायला आलं नव्हतं. मी गेलो, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "आक्का, टँकर आला. मी आलो." तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. पुष्कळ वेळ बघत होती. मीसुद्धा एकदा वळून बघितलं.

रोज असंच व्हायला लागलं. टँकर आला की मी हातातलं काम टाकून जायचो आणि तेच वाक्य म्हणायचो. हळूहळू ती माझ्या वाक्यावर उठू लागली, आत जाऊ लागली, लेकरांबरोबर जेवू लागली. मागे बघायची ते मात्र सुटलं नाही. बायांना तिची सवय झाली. घागर ठेवून त्या निवांत शेणाला-सरपणाला जाऊ लागल्या. "आक्का, मही बी बघ गं." "माहीच्या पुढं कोणी घागर सारली तर हाण त्याला."

उन्हाळा सरत आला तेव्हा मॅडम बघायला आल्या. आक्का डोक्यावर पदर घेऊन लायनीत बसलेली. मॅडमचा चेहराच उतरला. "हिला इथं उन्हात राबवता तुम्ही? यासाठी घरी पाठवलं का? असं असेल तर मला वेगळा विचार करावा लागेल." घरी वाक्यं घोकून ठेवली होती, ती मी आठवत होतो.

लायनीतली एक बाई पुढे झाली. "मॅडम, आमी न्हाई राबवत तिला. तीच आमाला राबवती. काल मह्या घागरीला हात लावू देईना मला. मह्याच घागरीला!"

दुसरी म्हणाली, "संचालकाची घागर बी मागं सारली हिनं. आजवर सारली व्हती का कोणी?"

काका तिथेच होते. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. काका घसा खाकरून म्हणाले, "उशिरा आलतो मी. तिचं बरोबर हाय." मग उन्हाकडे बघून, "सावली करून देतो."

मॅडम दुपारपर्यंत थांबल्या. आक्का आत जेवताना त्यांनी बघितली. ताटाभोवती हाताचं कुंपण नव्हतं. राहू द्या म्हणाल्या. सावलीसाठी काकांनी मांडव घातला. आक्का आता कुठेही जाणार नाही.

एवढंच असतं तर मी तुला लिहिलं नसतं. गेल्या आठवड्यात वस्तीवरची एक बाई पहिल्यांदाच आपलं लेकरू केंद्रात सोडून कामाला गेली. ते लेकरू लायनीपाशी येऊन रडायला लागलं, कोणाला ऐकेना. आक्काने त्याला ओढून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "रडू न्हाई माह्या वाघा. येते बघ, आलेच." घरी आल्यापासून ती काही बोलली नव्हती. मी दाराशी उभा होतो. तो आवाज आक्काचा नव्हता. शेवटी जरा खाली उतरणारा, दमलेला, तो तुझा आवाज होता. तुझे शब्द मला आठवत होते, आवाज केव्हाच गेला होता, आणि गेला आहे हेही मला ठाऊक नव्हतं. तिने तो तसाच ठेवला होता. आता ती रोज त्या लेकराशी बोलते. सगळं तुझंच.

तुला वाचता येत नव्हतं, तरी मी यातला प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ तपासला आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. एकच सांगायचं राहिलं. टँकर आला, बाया पाणी भरून गेल्या, की मी पूर्वीसारखा लगेच जात नाही. ती त्या लेकराला समजावत बसलेली असते, आणि मी भिंतीआड ऐकत उभा राहतो. ती वाट बघते आहे हे मला माहीत असतं. तरी थोडा वेळ तिला बसू देतो.