पन्नासातले दोन दाणे

२ डिसेंबर, मंगळ.
बत्ता सापडत नाही. खल ओट्यावर आहे, बत्ता गायब. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही उचलून ठेवला का कुठे?" मी कशाला ठेवीन. जुना लोखंडी आहे, भंगारात सहज खपेल. भांडीवालीवर नजर ठेवायला हवी. सौ.नं निमूट चहा ठेवला. आलं न ठेचताच.

३ डिसेंबर
सौ.ला दाखवायला डॉ.कडे गेलो. आत श्री आणि ती. मला बाहेर बाकड्यावर बसवलं. जागा कमी म्हणे. पोरगा बापाला बाहेर बसवतो तेव्हा आत काहीतरी असतंच.
डॉ. नंतर दारात येऊन म्हणाले, "बाबूजी, बीस परसेंट घटा था, बीस परसेंट बढ़ गया. अभी इंदौर की जल्दी नहीं." १७ला पुन्हा वजन. उतरलेलं दिसलं तर इंदूरला भरती, तपासण्या.
उन्हाळ्यात पन्नास किलो होती. गणपतीत चाळीस. पोटाचं काय ते कुणालाच सांगता येत नाही.
श्री गाडीत म्हणाला, "झालं बाबा, वीस गेले, वीस आले. आई पहिल्यासारखी."
घरी येऊन तिनं केस सारखे केले. बांगडी कोपरापर्यंत घसरली. पहिल्यासारखी असती तर घसरली असती का?

५ डिसें.
टक्केवारी आठवीत होती. मी सातवीतून मिलमध्ये गेलो. तरी आज बसलोच. खाटेवर पन्नास शेंगदाणे मांडले. शंभरात वीस, म्हणजे पन्नासात दहा. दहा काढले. चाळीस राहिले. आता चाळीसचे वीस टक्के परत ठेवायचे. आठ ठेवले.
दोन दाणे हातातच राहिले.
पुन्हा केलं. पुन्हा दोन.
सूनबाई: "बाबा, दाणे मोजून ठेवताय? आम्ही नाही खात हो चोरून." तिला काय सांगू. तिची सासू दोन किलो कमी आहे आणि घरात कुणी बोलत नाही.

६ डिसें.
श्रीला धरलं. आकडा काय होता? "अठ्ठेचाळीस." दाण्यांइतकाच निघाला.
"मग पहिल्यासारखी का म्हणालास?"
"बाबा, वीस टक्के कशाचे ते बघायचं. आधी पन्नासचे होते, मग चाळीसचे."
"ते मला कळलं. तू तसं का म्हणालास?"
मोबाईल बघत म्हणाला, "बरं वाटावं म्हणून. तुम्हालाही, मलाही."
मला बरं वाटावं म्हणून दोन किलो लपवतो, तर आणखी किती लपवत असेल.

९ डिसें., मंगळ.
नानाखेड्याच्या चक्कीवर गहू दळायला नेले. सौ.ला म्हटलं चल, तेवढंच बाहेर पडणं होईल. आली. पोतं उतरवल्यावर म्हटलं, तू चढ काट्यावर. मला बघू दे.
"अहो, गहू आहे का मी?"
चक्कीवाला हसला. "चढ़ जाओ अम्माजी, आपका आटा नहीं बनाएंगे."
चढली. शाल धरून. सेहेचाळीस.
अठ्ठेचाळीस कुठे?  रिक्षात तिनं चेहरा असा केला जणू मीच दोन किलो खाल्ले.

१० डिसें.
चक्कीचा काटा खोटा असणार. तपासायला स्वतः चढलो. एकसष्ट. तिथून तसाच डॉ.कडे. कंपाउंडर म्हणाला, "आपका नंबर तो है नहीं, बाबूजी." म्हटलं, नंबर नको, काट्यावर उभं राहू द्या. एकसष्ट.
दोन्ही काटे खरे. श्रीनं दिसलं तेच सांगितलं. मग खोटं कोण?

१२ डिसें.
गोधड्यांना ऊन दाखवायला काढल्या. कपाटात सौ.च्या साड्यांमागे हाताला काही जड लागलं. बत्ता. माझ्या जुन्या धोतराच्या कापडात शिवलेला, दोन टोकांना कमरेला बांधायच्या नाड्या. टीप एकदम बारीक, सरळ. डोळे अधू म्हणते.
पिशवीत घालून चक्कीवर नेला. दोन किलो. चक्कीवाल्यानं काही विचारलं नाही. मी वेडा झालो असं त्याचं केव्हाच ठरलंय.
भांडीवालीच्या मागे दहा दिवस मी वाट्या मोजत फिरतोय.

१३ डिसें.
विचारलं. नाही म्हणाली नाही.
"माई इंदूरला गेली. परत आली का?"
माई म्हणजे तिची थोरली बहीण. मी म्हटलं, माईचं वेगळं होतं.
"तुम्हाला काय माहीत वेगळं? डॉक्टर आहात?"
मग म्हणाली, "श्रीला सांगू नका. त्याला खरंच वाटतंय, बरी झाले."
मी श्रीवर संशय घेत होतो. हिच्यावर घ्यायचं सुचलंसुद्धा नाही.

१५ डिसें.
पुन्हा दाणे. चाळीसवर सहा. म्हणजे पंधरा टक्के. वीस नाही, पण चढली आहे, खरोखर चढली आहे. भाकरी अंगी लागते आहे.
पण बत्ता काढला तर डॉ.ना अठ्ठेचाळीसची सेहेचाळीस दिसणार. चार टक्क्यांच्या वर उतार. चढलेली बाई कागदावर उतरणार, आणि इंदूर.
बत्ता ठेवला तर आणखी कधी काय उतरलं ते कुणालाच कळायचं नाही. मलासुद्धा.
श्रीला सांगावं. दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. "काय बाबा?" म्हणाला. म्हटलं, पंखा बंद कर, थंडी आहे. पंखा बंदच होता.

१७ डिसें., सकाळ
सौ. तयार. शाल घट्ट. चालताना एक हात पोटाशी. म्हटलं, दे इकडे.
 तिनं पाठ करून नाड्या सोडल्या. माझ्या हातात देताना म्हणाली, "काट्यावर चढायच्या आधी परत द्याल ना?"
मी कोट अंगात चढवायला लागलो. तिनं पुन्हा विचारलंही नाही. म्हणजे भरवसा आहे, की मला पुरतं ओळखते.
आज आत जाणार. जागा कमी असली तर उभा राहीन.
श्री खाली हॉर्न वाजवतोय. बत्ता कोटाच्या आतल्या खिशात. सूनबाई दारात उभी राहून बघतेय, विचारते, "बाबा, कोट असा एका बाजूला का लोंबतोय?"