माझ्यावरून उचललेली नणंद

प्रिय ताई,

तुला जाऊन महिना झाला. पत्र लिहायचं मनात नव्हतं. पण परवा तुझा कपडेपट सांभाळणाऱ्या शांताबाई मुंबईहून आल्या आणि तुझी जाडजूड वही देऊन गेल्या. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

ती मालिका आठवते ना? चार वर्षं तू त्यात कपटी नणंद होतीस. दूध ओतायच्या आधी हुंगायचं, कडी लावून दोनदा ओढून बघायची, कुणी गोड बोललं की एक डोळा बारीक करायचा. पहिल्याच आठवड्यात समोरची गुप्ताभाभी गेटवरूनच म्हणाली, "दीदी, ये तो पूरी आप ही हो." आपला इंदुरी भाजीवाला भियासुद्धा मला बघून हसायला लागला. मला बाहेर पडायची लाज वाटायची गं.

मी फोन केला, तर तू म्हणालीस, "मंजू, तुझा भास आहे. मी आपलं दिग्दर्शक सांगतो तसं करते." साफ झूठ. दोन वर्षं मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. तुला ते लागलं का? की त्या वेळीही तू माझा आवाज टिपून घेत होतीस?

वहीत पुरावा सापडला. नणंदेच्या संवादांशेजारी तुझं बारीक अक्षर: "मंजू, दूध." "मंजू, कडी." म्हटलं, सापडली एकदाची!

मग मागची पानं उलटली. आपल्या इंदूरच्या हौशी नाटकांपासूनच्या नोंदी होत्या. ज्या विधवेच्या कामाला तुला पहिलं बक्षीस मिळालं, तिथे लिहिलंय: "मंजू, बाबा गेले तेव्हा. रडली नाही. आधी सगळ्यांसाठी चहा टाकला." ज्या आईसाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे, तिथे: "मंजू. तापलेल्या पोराच्या कपाळावर उलटा हात."

मी असं करते, हे मलाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते, तुझ्या लेखी मी एक खवचट, संशयी बाई, बस.

की मी वाचणार म्हणून हे सगळं तू नंतर लिहून ठेवलंस? तुझा काय नेम? मी पानं खिडकीशी नेऊन शाई निरखली. जुनीच दिसते.

एकदा तरी सांगायचंस ना, ताई. मी चिडले असते, भांडले असते, पण मला कळलं तरी असतं.

आता एकच राहिलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी निघाले, तेव्हा तू माझी बाही धरलीस आणि सोडेचनास. मी खूप आठवून पाहिलं. मी कधी कुणाला असं थांबवलेलं नाही. म्हणजे ते माझ्यावरून उचललेलं नव्हतं, तुझं स्वतःचं होतं. त्यावर मी कधीच संशय घेणार नाही, हे वचन.

तुझी,
मंजू